थांबायला लागणारं अंतर

सखारामने शेवटच्या जोडावर सोल्डर सोडलं, फुंकर मारली आणि प्लायवूडच्या टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. "झालं गो. आता रुपया ठेव."

वेदिकाने रुपयाचं नाणं टेबलावरच्या छोट्या रेल्वेच्या दोन्ही रुळांवर आडवं ठेवलं. दोन रूळ नाण्याने जोडले गेले तसा वीज देणारा कंट्रोलर टिक करून बंद पडला, लाल दिवा लागला. तिने नाणं उचलून पुढच्या तुकड्यावर ठेवलं. पुन्हा टिक. सांध्यावर, बोगद्यापाशी, फलाटासमोर, सगळीकडे तसंच. म्हणजे वीज सगळीकडे नीट पोचत होती.

जन्मभर जहाजावर इलेक्ट्रिशियन राहिलेला सखाराम निवृत्त होऊन भाट्याला घरी आला, तेव्हा ही छोटी रेल्वे पेटीतून घेऊन आला होता. जुन्या पद्धतीत रुळांतली वीज कमीजास्त केली की सगळी इंजिनं एकदम पळायची, एकदम थांबायची. आता रुळांत वीज कायम राहणार होती आणि प्रत्येक इंजिन पोटातल्या चिपमुळे फक्त स्वतःच्या नंबरचा हुकूम ऐकणार होतं. हे काम तो सावकाश करणार होता. पण मुलगी रजेवर घरी आली आणि दार लोटून पडून राहायला लागली, तसं त्याने ते आत्ताच काढलं. "मला खालचं दिसत नाय, वायर धर जरा," एवढंच तो तिला म्हणाला होता.

वेदिका मालगाडी चालवायची. गेल्या महिन्यात एका बोगद्याबाहेर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई तिच्या इंजिनाखाली आली. चौकशीत वेदिकाची चूक निघाली नाही. सोमवारी तिला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं. जाणार की नाही ते ती सांगत नव्हती, आणि घरात कोणी विचारतही नव्हतं.

सखारामने कंट्रोलरला जोडलेल्या हँडसेटवर इंजिनाचा नंबर दाबला आणि बटण फिरवलं. निळं इंजिन डबे घेऊन निघालं, जांभ्याच्या रंगाचा थर्माकोलचा डोंगर ओलांडून फलाटाकडे आलं. त्याने बटण शून्यावर आणलं. गाडी गपकन उभी राहिली.

"बघितलंस? जाग्यावर!"

वेदिकाने हातातला रुपया टेबलावर ठेवला. आपण काय बोललो ते सखारामला उशिरा कळलं. बाई दिसली, ब्रेक लावला, मग गाडी थांबली का नाही? जेटीवर लोकांनी त्याला हेच विचारलं होतं. खरं तर तो प्रश्न त्यालाही पडला होता.

"असं नाही थांबत, बाबा," वेदिका म्हणाली. "यात वजन धरायची सोय असेल ना? थांबायला वेळ लागेल अशी?"

"आहे. चिपमध्ये आकडा घालायचा. किती घालू?"

"असेल तेवढा."

त्याने आकडा घातला. वेदिकाने चिमटा घेतला आणि फलाटावरच्या माणसांपैकी एक प्लास्टिकचा हमाल उपटून बोगद्यापासून थोडं पुढे, दोन रुळांच्या मध्ये उभा केला. मग हँडसेट स्वतःच्या हातात घेतला.

गाडीने हळूहळू वेग धरला. एक फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला इंजिनाचं नाक बोगद्यातून बाहेर पडल्याबरोबर तिने बटण शून्यावर फिरवलं.

"लावला ब्रेक," ती म्हणाली. "आता माझ्या हातात काही नाही."

गाडी येतच राहिली. वेग कमी होत होता, दिसत होता कमी होताना, पण ती येत होती. सखारामचा हात आपसूक हमालाकडे गेला.

"हात नाही घालायचा, बाबा."

त्याने हात मागे घेतला. इंजिन हमालाला टेकलं. तो आडवा झाला. त्याच्यावरून एक डबा गेला, दुसरा गेला, सगळे गेले. फलाट मागे पडला आणि त्याच्याही बरंच पुढे जाऊन गाडी अगदी अलगद, काहीच झालं नसल्यासारखी थांबली.

बाहेर खाडीतून कुणाची तरी होडी धडधडत गेली.

"हॉर्न?" सखारामने विचारलं.

"वाजवत होते. शेवटपर्यंत." तिने हँडसेटवरचा अंगठा उचलला नव्हता. "तिने वळून बघितलं, बाबा. माझ्याकडेच."

सखाराम उठला. टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला स्टूल ओढून बसला. त्याने आडवा पडलेला हमाल उचलून खिशात टाकला.

"आकडा कमी करू?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"नको. राहू दे तसाच." तिने ओढणीने तोंड पुसलं. पाठ सरळ केली. मग बटण फिरवलं. गाडी हलली, फेरा घेऊन पुन्हा फलाटाकडे आली.

फलाटाच्या टोकाला बसवलेल्या, गाडी पुढे सोडणाऱ्या स्टार्टर सिग्नलची वायर अजून जोडायची राहिली होती. त्यात दिवा लागत नव्हता. वेदिकाने त्याच्याकडे बोट केलं आणि ड्यूटीवरच्या आवाजात, मोठ्याने म्हणाली, "स्टार्टर, हिरवा."

सखारामने सिग्नलकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाजूला असिस्टंट बसतो ना, बाबा," ती रुळांवरची नजर न काढता म्हणाली. "त्याने परत म्हणायचं असतं."

सखारामने घसा साफ केला, विझलेल्या सिग्नलकडे बोट केलं.

"स्टार्टर, हिरवा."