पुरानंतरची पहिली फेरी

पुरापुढे सगळे सारखे असतात. आमच्या करमणूक उद्यानात मात्र त्याने अख्खी तिकीटखिडकी नेली आणि साहेबांची खुर्ची तेवढी ठेवली.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मेकॅनिकनेच घ्यायची, म्हणून आकाशपाळण्यात मी एकटा बसलो. पाळणा चालवणारे दाजी जनरेटर सुरू करायला त्याच्यामागे गेले. पाळणा इतका गुपचूप सुटला की मला स्वतःच्याच कामाचं कौतुक वाटलं.

मग फलाटाशी येणाऱ्या प्रत्येक रिकाम्या डब्याचा मांडीवरचा सुरक्षा-दांडा खट्‌कन लागू लागला. आत बसून ओढल्याशिवाय तो लागत नाही.

“दाजी, कुणाला बसवताय?”

“तुझ्या बहिणीला! गप्प बस, कामात आहे.”

माझा डबा खाली येत होता. शेजारची जागा रिकामी होती.

“दाजी, थांबवा!”

दाजी बाहेर आले आणि वर बघून थिजले.

“थांबवू काय? डिझेल अजून कॅनमध्येच आहे.”