कोठारे सरांची शेवटची तोंडी परीक्षा

सेंद्रिय रसायनशास्त्राला वाहिलेल्या पस्तीस वर्षांच्या गौरवासाठी गिरगावातलं सभागृह तुडुंब भरलं होतं. निम्मे श्रोते बाहेरचा लाठीमार चुकवायला आत शिरले होते. डॉक्टरेटवाले शिष्य कोठारे सरांना ‘ऋषितुल्य’ म्हणत होते. सरांना धाकधूक वेगळीच होती: आपण शिकवलेलं कुणाच्या डोक्यात उरलंय का? तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर सोडलेला अश्रुधूर खिडकीतून आत आला. डॉक्टरेटवाले टेबलाखाली गेले. सर माइक धरून उभेच. “पळताय कुठे? आधी संयुग ओळखा!” मागून गिरणीच्या रंगखात्यातला, बीएस्सीला दोनदा नापास झालेला कुशाबा ओरडला, “सफरचंदाच्या फुलाचा वास, सर, तुम्हीच शिकवलेला. क्लोरोअ‍ॅसिटोफिनोन! डोळे चोळू नका!” “शाब्बास, गाढवा!” म्हणत सरांनी खाली उतरून सत्काराची शाल कुशाबाच्या खांद्यावर टाकली. दोघांचेही डोळे घळाघळा वाहत होते. ‘सत्काराने प्राध्यापक गहिवरले,’ असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं.