अंगी न लागलेलं

"माझ्या बापाला उपाशी मारतेयस तू," नणंद डबा टेबलावर आपटत म्हणाली.

सून शिलाई मशीनवरून उठली नाही. उत्तर द्यायचाही तिला आता कंटाळा आला होता.

वर्षभरात सासऱ्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या होत्या. ती त्यांना दिवसातून चार वेळा वाढायची. ते चाटूनपुसून खायचे आणि तरी वाळत चालले होते. सांगणार कुणाला? शेजारणी तिला पाहून आवाज खाली आणायच्या. नवरासुद्धा हल्ली बापाच्या ताटात डोकावून जायचा. आणि पाच वर्षं माहेरचा उंबरा न चढलेली नणंद आता दर रविवारी येऊन बापाला स्वतःच्या हातानं भरवायची.

सोमवारी सासरे बाथरूममध्ये कोसळले.

"तुम्ही काय करता?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सुनेला विचारलं.

"शिवणकाम."

"मग असं समजा, कापडाचे तागे येताहेत, पण कात्रीच नाही. अन्नाचे बारीक तुकडे करणारी एन्झाइम्स स्वादुपिंडातून आतड्यात उतरतात. यांचं स्वादुपिंड थकलंय. खाल्लेलं रक्तात शिरतच नाही, तसंच बाहेर पडतं. कितीही वाढलंत तरी अंगी लागणार नाही."

सुनेला रडू फुटलं. सुटल्याचं रडू होतं ते. आता नवऱ्याला, नणंदेला, सगळ्या गल्लीला सांगता येणार होतं.

"पण हे त्यांना ठाऊक आहे," बाई जुने कागद चाळत म्हणाल्या. "तीच एन्झाइम्स असलेल्या कॅप्सूल मी गेल्या वर्षी लिहून दिल्या होत्या. प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायच्या. घरी सांगितलं नाही त्यांनी?"

ती खाटेपाशी गेली. सासरे जागेच होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"वर्षभर लोकांनी माझ्या तोंडाला काळं फासलं. तुम्ही समोर बसून ऐकलंत. एका शब्दानं बोलला नाहीत."



"बरं नाही म्हणून मी पोरीला दोनदा फोन केला होता," ते म्हणाले. "ती आली नाही. तू जेवायला देत नाहीस असं सांगितलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी आली."