सुकेळीच्या फोटोतली सावली

जेनिफरचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. आगाशीच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ती स्वतःच्या वेबसाइटवरून विकायची, आणि तिथला फोटो कुठल्याशा कंपनीनं उचलून आपल्या पाकिटावर छापला होता. चटईवर वाळत घातलेली राजेळी केळी आणि ती उलटणारा तिच्या बापाचा, सिप्रियनचा हात. त्याची वाकडी करंगळीसुद्धा चोरांनी सोडली नव्हती.

तिनं कंपनीला कळवलं. फोटो तुमचाच कशावरून, असं एका ओळीचं उत्तर आलं. वेबसाइटच्या तळाशी ‘सर्व हक्क जेनिफरचे’ असं चार वर्षं लिहिलेलं होतं, पण असं काय, कोणीही लिहितं. शेवटी वकिलाच्या सांगण्यावरून ती कॉपीराइटच्या नोंदणीचा अर्ज भरायला ओटीवर बसली. शेजारी सिप्रियन केळी सोलत होता.

फोटो काढणाऱ्याचं नाव, असा रकाना आला. तिनं स्वतःचं नाव टाकलं.

“तू तेव्हा पुण्याला होतीस,” सिप्रियन म्हणाला. “फोटो मेरीनं काढला.”

हे जेनिफरला माहीत नव्हतं थोडंच. पण पुढचाच रकाना होता, मृत असल्यास मृत्यूची तारीख. आईची तारीख बापासमोर लिहायला तिचा हात धजत नव्हता. शेवटी तिनं आपलं नाव खोडून आईचं, मेरीचं घातलं. तारीख सिप्रियननंच सांगितली, हातातलं केळं सोलता सोलता.

अर्जाला मूळ फोटो जोडायचा होता. तो आईच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडला, आणि जेनिफरचा जीव भांड्यात पडला. वेबसाइटवर टाकताना तिनं फोटोची खालची पट्टी कापली होती. तिथं फोटो काढणारीची सावली पडली होती, ते बरं दिसत नव्हतं. म्हणजे ती पट्टी कंपनीकडे असणं शक्यच नव्हतं. हाच पुरावा.

सिप्रियननं हात पुसून मोबाइल घेतला. सावलीत मेरीचा अंबाडा होता आणि मोबाइल धरलेल्या हातांची दोन कोपरं. 

“त्यांनी केळी नेली,” तो हळूच म्हणाला. “हिला तर आपणच कापलं.”

 अर्ज तसाच ठेवून जेनिफरनं आधी वेबसाइट उघडली, अख्खा फोटो चढवला आणि तळाशी आपल्या नावाच्या जागी आईचं नाव लिहिलं.

सिप्रियन चटई उन्हात ओढत होता. तिथूनच त्यानं विचारलं,

“अंबाडा नीट दिसतो ना?”