पुढे गेलेल्याचं गाऱ्हाणं

"कोणाच्या नावान गाऱ्हाणा घालू?" हरिश्चंद्र आबांनी विचारलं आणि सर्वेशची बोबडी वळली. नारळ देवापुढे ठेवून झाला होता. आता मागे फिरायची सोय नव्हती.

घरून निघताना त्याला वाटलं होतं, देवाला काय सांगायचं ते मनातल्या मनात सांगून मोकळं होता येईल. पण गावच्या देवळात चोरून गाऱ्हाणं घालता येत नाही. मानकरी देवाला मोठ्याने सांगणार आणि देवळात जो कोणी असेल तो 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देणार. त्यात आज सोमवार, देऊळ भरलेलं. आणि खांबाला टेकून, मासळीची रिकामी पाटी बाजूला ठेवून, नेमकी चंद्रावतीकाकी बसलेली. ज्याच्यावर दात धरून तो इथवर आला होता, त्या प्रितेशची ही आई.

"नाव नको, आबानू," तो पुटपुटला. "देवाक म्हायत आसा. येक जण रांग मोडून फुडे गेलोहा. सगळी येयपर्यंत तेका थांबवक व्हयो."

"कोर्टाचा काम काय रे?"

"नाय. खेळाचा."

आबांनी भुवया उंचावल्या. पण नारळ ठेवलेल्या माणसाची उलटतपासणी करायची त्यांची रीत नव्हती.

खेळ कॉम्प्युटरवरचा होता, जहाजांचा. जगभरातली माणसं इंटरनेटवरून एकाच समुद्रात उतरणार होती. सर्वेश आणि प्रितेश, कॉलेजातले जोडीदार, वर्षभर त्या खेळाच्या वाटेला डोळे लावून बसले होते. आपल्या ताफ्याचं नाव सर्वेशने शोधलं होतं, निशाणही त्यानेच काढलं होतं. कप्तानाचं नाव ताफा उभा करणाऱ्याने घालायचं, आणि एकदा लागलेलं ते नाव पुन्हा बदलत नाही, असा खेळाचा नियम. कप्तान कोण, हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं. सर्वेशच्या मते त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

मग कंपनीने घोळ घातला. आगाऊ नोंदणी केलेल्यांना शुक्रवारी प्रवेश, बाकीच्यांना पुढच्या बुधवारी. प्रितेशच्या मामाने म्हापशाच्या दुकानात भाच्याचं नाव केव्हाच घालून ठेवलं होतं. सर्वेश कणकवलीच्या दुकानदारावर विसंबून राहिला आणि बुधवारवाल्यांत जाऊन पडला. सारखी वाट बघितलेल्या दोघांतला एक आत आणि एक बाहेर, हा कुठला न्याय?

शुक्रवारपासून प्रितेशने बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत ठाण मांडलं. सर्वेश त्याच्या खुर्चीमागे उभा राहून बघायचा. दुसऱ्याच्या ताटातली सुरमई बघत उभं राहावं, तशी त्याची गत. जळफळाट तर होताच. पण ताफा उभा राहत आला तसा प्रितेश पडद्यासमोर कोपर आडवं धरायला लागला, ते त्याला जास्त झोंबलं.

"बघू नको रे," प्रितेश हसून म्हणायचा. "बुधवारी कळात तुका."

एवढा माज! आपण शोधलेलं नाव, आपण काढलेलं निशाण, आणि आपल्यालाच बघायची चोरी! रविवारी सर्वेशच्या घशाखाली घास उतरला नाही. सोमवारी तो नारळ घेऊन देवळात हजर झाला.

आबांनी हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान आज तुका नारळ ठेवलेलो आसा. जो कोण रांग मोडून फुडे गेलो आसात, तेका सगळी येयपर्यंत दारातच थांबव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देऊळ दणाणलं. एवढ्या जोराची साथ मिळेल असं सर्वेशला वाटलं नव्हतं. पण रांग मोडून पुढे गेलेला कोणी ना कोणी प्रत्येकाच्या मनात असतोच. कुणाला नळावरचा आठवला असेल, कुणाला भावकीतला. सगळ्यांत खणखणीत आवाज चंद्रावतीकाकीचा होता. तिच्या मनात कोण होतं ते तिलाच ठाऊक. सर्वेशने शरमेने मान खाली घातली, पण आतून त्याला बरं वाटलं. खुद्द आईनेच होकार भरला, आता अडवणार कोण?

तो तडक कॅफेत गेला. प्रितेश हात मांडीवर टाकून बसला होता. पडद्यावर खेळ नव्हता, नुसती सूचना होती. गर्दी झेपेना म्हणून कंपनीने प्रवेश बंद केला होता. आता बुधवारी सगळ्यांना एकदमच आत घेणार आणि तोवर ज्याने जे काही उभं केलं असेल ते पुसून सगळ्यांची नव्याने सुरुवात.

सर्वेशने ते पुन्हा एकदा वाचलं. देव इतका तत्पर असेल याची त्याला कल्पना नव्हती. हसू दाबता दाबता त्याची पुरेवाट झाली.

"आणि ताफो?" त्याने विचारलं.

"गेलो. सकाळीच पुरो झाल्लो," प्रितेश म्हणाला. "आता बुधवारी सगळी एकदम धावतली. आपला नाव दुसरोच कोणतरी उचलतलो."

सर्वेशला त्याचं काहीच वाटलं नाही. शुक्रवारपासून पोटात साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं.

"बरा झाला! भारी मिजास करी हुतंस. गेली ना तुजी कप्तानी?"

प्रितेश गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला.

"माजी खंयची?" तो म्हणाला. "कप्तान म्हणान तुजा नाव घातलेलंय. एस्टीत रुमाल टाकतत ना, तशी तुजी जागा धरून बसलेलंय मी."