खोट्या नावाची कादंबरी

शालिग्रामपंत हरकऱ्यांची जबलपूरची एजन्सी त्यांच्या वडिलांनी काढलेली. मध्यप्रांतातल्या मराठी लेखकांची हस्तलिखितं पारखून ती पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांकडे पाठवायची. ओळखीपाळखीवर तिथून एकही पुस्तक पुढं गेलं नव्हतं, म्हणूनच प्रकाशक तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत.

बायको गेल्यावर पंतांनी स्वतःच एक कादंबरी लिहिली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती दुसऱ्याकडून उतरवून घेतली, वर खोटं नाव घातलं आणि सुनेच्या, कुंदाच्या, टेबलावर ठेवून दिली. आलेलं सगळं आता तीच वाचायची.

त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. घास हातातच राहायचा. सदर बाजारापर्यंत चालत जायचे आणि कशासाठी आलो तेच विसरून परत फिरायचे. कुंदाच्या दारावरून उगाच येरझाऱ्या व्हायच्या.

अखेर ती हस्तलिखित घेऊन बाहेर आली.

"मामाजी, ही नाही पाठवता येणार."

"काहून?" त्यांचा आवाज जरा चढलाच.

"गोष्ट पुढं सरकूनच नाही राहिली. लिहिणारा एका बाईपाशीच अडून बसलाय."

पंत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. परत करून टाक."

कुंदा जागची हलली नाही. कागद तिनं छातीशी धरले होते.

"परत नाही करत, मामाजी. माझ्याजवळच राहू द्या. सासूबाईंचा आवाज विसरत चालली होती मी."