तिसरी खोली

घरातले सगळे नळ एकदम सोडून तो भिंतीला कान लावून उभा राहिला. मागे घर दाखवणाऱ्या एजंटची चुळबुळ चालली होती.

"दादा, काय म्हणते भिंत?" एजंटनं विचारलं.

"म्हणते, एजंटला जरा गप्प बसव."

ठकी खुदकन हसली. दहा वर्षांची ही पोर बापाच्या प्रत्येक विनोदाला हसायची, आणि त्यामुळे बाप पार बिघडला होता. रविवार होता, तरी तिच्या पाठीवर फुगलेलं दप्तर होतं. ते उतरवून ठेवायचं तिला सुचलंही नव्हतं.

तो प्लंबर होता. उभा जन्म लोकांच्या घरांत पाणी खेळवण्यात गेला आणि स्वतः राहिला भाड्याच्या खोलीत, जिथल्या नळाला सकाळी फक्त सुस्कारे यायचे. आता कुठे त्याची आणि ठकीच्या आईची पुंजी एकत्र करून एक घर घ्यायचं ठरलं होतं. दोघांची मिळून मजल एका घरापर्यंतच जात होती.

हे घर वस्तीच्या टोकाला होतं. पण खोल्या तीन होत्या. तिसरी अगदी लहान, एक कॉट आणि एक खुर्ची टाकली की संपली. मात्र खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं. त्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्याचा पाय तिथून निघेना.

"शाळा इथून किती लांब?" ठकीच्या आईनं विचारलं.

"जवळच की वहिनी. एक बस बदलली की झालं," एजंट म्हणाला.

"दोन. मी आत्ता शाळेवरूनच आले." तो आणि ठकी स्कूटरवर आले होते, ती बसनं.

"रोज मी सोडेन तिला," तो म्हणाला.

"रोज?" तिनं विचारलं. त्यानं नळ बंद करायला घेतले.

दुसरं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. किंमत तीच, पण खोल्या दोन. स्वयंपाकघर मात्र ऐसपैस. ठकीची आई ओट्यापाशी उभी राहिली, कपाटाची दारं उघडून पाहिली, आणि नोकरीत दवाखान्याच्या खिडकीवर रोज दिवसभर लोकांची बोलणी खाऊन ओढलेला तिचा चेहरा कधी नव्हे तो सैल पडला. ठकी खिडकीतून शाळेचं मैदान बघत होती.

"ही लहान खोली बेबीची," एजंट हात नाचवत म्हणाला. "आणि ही मोठी तुम्हा दोघांची. डबल बेड आरामात बसेल."

"सिंगल कॉट पुरे," ठकीची आई म्हणाली.

"वा! दोघांत एक कॉट. संसार मुरावा तर असा." एजंट आपल्याच विनोदावर खूश झाला. या वेळी ठकी हसली नाही.

त्यानं मोरीत जाऊन नळ सोडले. पाणी असं जोरात आलं की बादली सरकली. पाइप नवे, जोड पक्के, उतार नेमका. असं काम क्वचितच बघायला मिळतं. तो हात पुसत बाहेर आला.

"पाइप सडलेत. वर्षभरात भिंत फोडावी लागेल."

एजंटचं तोंड उतरलं. ठकीची आई मोरीत गेली, नळाखाली ओंजळ धरली आणि ते नितळ पाणी त्याच्यासमोर आणलं. बोटांतून थेंब गळत होते.

"तुम्ही माझ्याशी आजवर पुष्कळ खोटं बोललात," ती हळू म्हणाली. "पण नळाबद्दल कधी नाही."

तो खजील झाला. एजंटकडे वळून म्हणाला, "पाइप चांगले आहेत. माझी बघण्यात चूक झाली."

एजंटचा जीव भांड्यात पडला. कागद काढायला तो खाली गाडीकडे पळाला. आतल्या खोलीतून ठकीचा आवाज आला. ती दोन्ही हात पसरून भिंत मोजत होती.

"आई, बाबा, मला कपाट एकच हवं. पण सगळं त्यातच राहील असं. कपडे, पुस्तकं, माझा टूथब्रशसुद्धा."

"टूथब्रश कपाटात ठेवतात का, वेडाबाई," तो म्हणाला. तो बाल्कनीत गेला. ठकीची आई मागोमाग आली.

"का बोललात तसं?"

"त्या घरात एक खोली जास्त होती."

"कशाला हवी?"

"असावी. कोणी राहिलं तर."

"कोण राहणार आहे?"

त्या उन्हाच्या खोलीत त्यानं मनातल्या मनात कॉट टाकून ठेवली होती. सकाळी चहाचे तीन कप, तिघांची एकाच वेळी निघायची धांदल, आणि निजायच्या आधी नळ नीट बंद आहे का हे बघायला उठलेलं कोणीतरी. प्लंबरच्या घरातला नळ तपासायची ठकीच्या आईला खोड होती. त्यावरून तो तिला किती चिडवायचा. आता त्याचा नळ गळला तरी गळत राहायचा. त्याला दुसरं काही नको होतं, ती खोड तेवढी घरात हवी होती.

"अजून एकदा विचार कर," तो म्हणाला. "ती तिसरी खोली रिकामी पडली तर पडू दे. पण असू दे."

तिनं आत पाहिलं. ठकीनं अखेर दप्तर पाठीवरून उतरवलं होतं आणि भिंतीच्या कडेला नीट टेकवून ठेवलं होतं. ठकीची आई त्याच्या जवळ सरकली आणि आवाज आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली. बोलताना तिचे डोळे भरले होते.

"पोरीनं दप्तर घेऊन दोन घरांत हिंडायचं नाही, आपणच आळीपाळीनं तिच्याकडे राहायचं, हे कोर्टात तुम्हीच सुचवलंत. मग ज्या आठवड्यात तुम्ही इथं असाल, त्या आठवड्यात मी नसणारच ना?"